पाच मिलिमीटर

१९९६ सालच्या मर्सिडीज ई २२०ची रुंदी १,७४० मिलिमीटर. माझ्या स्विफ्टची १,७३५. जिच्यातून एकेकाळी कारखानदार, नामवंत सर्जन आणि साखर कारखान्यांचे चेअरमन उतरायचे ती गाडी, आणि आमच्या सोसायटीत दर दोन खांबांआड उभी असलेली ही हॅचबॅक, यांच्यात आडवा फरक काय तो पाच मिलिमीटरचा. पावसाळ्यात माझ्या दारांवर याहून जाड चिखल असतो.

आकडे शेजारीशेजारी लिहून मी ते काकांना दाखवायला नेले. काका म्हणजे वडिलांचे मित्र. भोसरीत आयुष्यभर मशीन शॉप चालवलं, आता ते मुलाच्या ताब्यात आहे, आणि ही ई २२० त्यांची. नवी घेतलेली नाही. पहिल्या मालकाची हौस फिटल्यावर, किंमत जमिनीवर आल्यावर घेतलेली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाले, "टायर लिहायचे राहिले."

टायर लिहिले. त्यांचे १९५ रुंदीचे, माझे १८५. चाकं दोन्हीकडे पंधरा इंची. उंचीत तर माझीच गाडी नऊएक सेंटिमीटरनं वरचढ निघाली. मग उरली लांबी. ४,७४० आणि ३,८६०. म्हणजे अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. मोठी गाडी, रुबाबदार गाडी, 'साहेबांची गाडी' असं आपण जे काही म्हणतो ते सगळं या अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरांत मावतं, असं काकांचं म्हणणं. मला ते तेव्हा पटलं नाही. आता अर्धं पटतं.

त्या अठ्ठ्याऐंशीचा हिशेब सरळ आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ई २२०चं २,८०० मिलिमीटर, स्विफ्टचं २,४५०. म्हणजे माणसं बसतात त्या भागाच्या वाट्याला फार तर पस्तीस सेंटिमीटर आले. उरलेले त्रेपन्न गेले नाकात आणि डिकीत. जुन्या मांडणीच्या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेनं उभं, त्याच्यामागे गिअरबॉक्स, तिथून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, आणि त्या शाफ्टसाठी गाडीच्या पोटातून गेलेला उंचवटा. मागं मधोमध बसणाऱ्याला पाय कुठं ठेवायचे हा प्रश्न पडतो. एवढ्या लांब गाडीत पाचव्या माणसाची सोय माझ्या गाडीइतकीच वाईट आहे, हे मला कबूल करून घ्यायला फार आवडलं. १९५९ साली ॲलेक इसिगोनिसनं मिनीचं इंजिन आडवं टाकलं, चालना पुढच्या चाकांना दिली आणि जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसवून दाखवली. फियाटच्या दान्ते जाकोसानं नंतर गिअरबॉक्सची जागा अधिक सोयीची करून दिली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच घराण्यातल्या. त्यांच्यात इंजिनाला नाइलाजानं जागा दिलेली असते.

आपल्याकडे या आडव्या मांडणीत सरकारनंही हात घातला. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १,२०० सीसीच्या आतली गाडी 'छोटी' ठरली आणि तिचं उत्पादनशुल्क उतरलं. पुढं शुल्कांची नावं बदलली, ही रेघ राहिली. माझ्या गाडीचं इंजिन १,१९७ सीसीचं आहे. हा आकडा इंजिनिअरपेक्षा करसल्लागारानं काढल्यासारखा वाटतो. चार मीटरच्या रेघेपायी किती सेडान गाड्यांच्या डिक्या मागून छाटल्या गेल्या आणि त्या कशा दिसल्या, यावर वेगळं लिहिता येईल. रागानं लिहावं लागेल.

ई २२० ज्या घराण्यातली, तिला गाडीवेडे लोक डब्ल्यू १२४ म्हणतात. १९८४ साली ती जर्मनीत आली आणि जगभर पंचवीस लाखांहून जास्त बनल्या. आपल्याकडे तिच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा मात्र तिच्या कितीतरी आधी येऊन पोचला होता, तोही मालट्रकवर. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीनं मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझशी करार केला, जमशेदपूरला ट्रक बनू लागले आणि १९६९पर्यंत त्यांच्या तोंडावर हाच तारा होता. माझ्या वडिलांच्या पिढीला मर्सिडीज म्हटलं की आधी डिझेलचा धूर आठवायचा. १९९४ला कंपनी मोटारींसाठी परत आली तीही पुण्यात, टेल्कोच्याच आवारात, आणि १९९५पासून तिथं या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. नेमक्या त्याच वर्षी जर्मनीत डब्ल्यू १२४ निवृत्त होऊन चार गोल दिव्यांची नवी ई-क्लास आली. तिकडे उतरवलेला माल इकडे चढवला, अशी कुरकुर त्या वेळी बरीच झाली. कुरकुर खरी होती. पण आजूबाजूला काय होतं तेही बघायला हवं. मारुतीची एस्टीम नुकतीच आलेली, कल्याणला प्रीमिअर वाले पूझो ३०९ बनवत होते, सिएलो येत होती. आणि बाकी सगळा रस्ता पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि मारुती ८००चा.

काकांचं या गाडीवर मन बसलं ते हॅनोव्हरला. यंत्रांच्या प्रदर्शनाला गेले होते; स्टेशनाबाहेर एकसारख्या फिक्या हस्तिदंती रंगाच्या मर्सिडीज गाड्यांची रांग बघून त्यांना वाटलं कुणा मोठ्या असामीच्या घरचं लग्न आहे. त्या टॅक्सी होत्या. जर्मनीत १९७१पासून टॅक्सीचा तो रंग ठरलेला. काका ज्या टॅक्सीत बसले ती डब्ल्यू १२४ होती, तिच्या मीटरवर कित्येक लाख किलोमीटर दिसत होते, आणि दार लावल्यावर आवाज मात्र नव्या गाडीचा आला. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला बिजागऱ्यांत 'प्ले', म्हणजे ढिलेपणा, किती आला आहे हे कानानं कळतं. त्यांना तिथं प्ले ऐकू आला नाही. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं तर १९७६ची आपली २४० डी, म्हणजे हिची थोरली नातेवाईक, ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयात गेली.

म्हणून कुणी "काका, लक्झरी गाडी घेतलीत!" म्हटलं की ते अजूनही तेच सांगतात, "मी लक्झरी घेतली नाही. मी टॅक्सी घेतली."

यात नुसता पुणेरी तिरकसपणा नाही. आलिशान गाडी म्हणजे लाकूड, चामडं, मागच्या काचेला पडदे, हे चित्र आपल्या डोक्यात राजेरजवाड्यांच्या मोटारींवरून आलं. या गाडीत त्यातलं थोडंच आहे. डॅशबोर्ड काळा, चौकोनी, सरकारी कचेरीसारखा. माझ्या स्विफ्टमध्ये नऊ इंची पडदा आहे, आपोआप तापमान राखणारा एसी आहे, मागचा कॅमेरा आहे, सहा एअरबॅगा आहेत, किल्ली खिशातच ठेवून गाडी सुरू होते. सोयींची यादी करायला बसलं तर तीस वर्षांपूर्वीची मर्सिडीज माझ्या गाडीपुढं गरीब ठरते. तरी तिच्यात बसलं की ती महाग आहे हे कळतं, आणि ते कशामुळे कळतं हे सापडायला मला वेळ लागला.

तिचा वायपर घ्या. एकच आहे, काचेच्या मधोमध. एका वायपरनं काच पुसायची तर अर्धवर्तुळच पुसलं जाणार आणि वरचे दोन्ही कोपरे कोरडे राहणार. त्यावर त्यांनी असं यंत्र बसवलं की वायपर कोपऱ्याकडे जाताना लांब होतो आणि मध्यावर आला की आखूड. काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. पासरणीच्या घाटात जुलैतल्या पावसात मी त्या वायपरकडेच बघत बसलो होतो, काकांना दोनदा सांगावं लागलं, "बाबा, रस्त्याकडे बघ." माझ्या गाडीला दोन वायपर आहेत, काच छान पुसतात आणि त्यांच्याकडे बघावंसं कधी वाटलेलं नाही. दोन साधे वायपर बसवणं स्वस्त आणि सोपं होतं. कुणीतरी तिथं अवघड वाट धरली आणि त्याला कुणी अडवलं नाही.

असं ठिकठिकाणी आहे. बॉनेट काटकोनात सरळ उभं राहतं, मेकॅनिकचं डोकं आपटत नाही. सीटमध्ये खऱ्या स्प्रिंगा आहेत आणि त्यांवर रबर लावलेल्या तंतूंची गादी. बसताना ती सीट कडक वाटते, पुण्याहून निघून कोल्हापूर आलं तरी पाठ बोलत नाही. माझी सीट शोरूममध्ये जास्त मऊ लागली होती आणि कराडपर्यंत माझी तक्रार नसते.

चालवायला कोणती सोपी, असं कुणी विचारलं तर ऐकणाऱ्याला माझं उत्तर खोटं वाटतं. मोठी गाडी सोपी. तिचे खांब बारीक, काचा मोठ्या, खिडकीची कड खाली. ड्रायव्हरच्या जागेवरून चारही कोपरे दिसतात, आणि नाकाच्या टोकावर तो तारा बंदुकीच्या माशीसारखा उभा असतो, त्यामुळे गाडी कुठं संपते ते नेमकं कळतं. माझ्या गाडीचं बॉनेट मला दिसत नाही. मागची काच एवढीशी, मागचे खांब जाडजूड, म्हणून कॅमेरा. खांब जाड झाले ते उगाच नाही. गाडी उलटली, बाजूनं धडक बसली तर टिकायला हवेत, काहींच्या आत एअरबॅगाही बसवायच्या असतात. अपघातात माणूस वाचावा म्हणून खांब वाढले आणि त्या खांबाआड चौकातला स्कूटरवाला दिसेनासा झाला. वळायलाही मर्सिडीज वाटते तितकी बोजड नाही. पुढं इंजिन उभं असल्यानं चाकांना वळायला दोन्ही बाजूंनी जागा मिळते. माझ्या गाडीला वळायला ४.८ मीटरची त्रिज्या लागते, तिला साडेपाचाच्या थोडी वर. एवढ्या लांबीला हे काहीच नाही. टॅक्सीवाल्यांना उगाच नाही आवडली.

सवय मात्र लागते. तिच्या स्टिअरिंगच्या डाव्या हाताला एकच दांडी आहे. इंडिकेटर तीच, वायपरही तीच. माझ्या गाडीत इंडिकेटर उजवीकडे. कर्वे रोडला वळताना माझा उजवा हात बराच वेळ हवेत काहीतरी शोधत होता. पार्किंग ब्रेक पायानं दाबायचा आणि डॅशबोर्डवरचा खटका ओढून सोडायचा. ॲक्सिलरेटर लांब आणि जड. पायाला घाई केलेली त्याला आवडत नाही. सगळं सावकाश घ्यावं लागतं आणि गंमत म्हणजे तसं घेतलं की पोचायला वेळ तेवढाच लागतो. ताशी दोनशेच्या पलीकडे जाणारी ही गाडी, आणि एक्स्प्रेसवेवर मोटारींना सपाटीला मर्यादा शंभरची. शंभरला ती अजून झोपेतच असते. माझी शंभरला पूर्ण जागी असते आणि ते मला ऐकवते. तिचं तीन सिलिंडरांचं इंजिन चढावर एक प्रकारची गुरगुर करतं. मला ती आवडते, काकूंना नाही.

पण या लेखात काकांची गाडी जिंकणार असं वाटत असेल तर थांबा. काकांना मी माझी गाडी दिली तेव्हाची गोष्ट सांगायची आहे.

नव्या गाडीच्या दारावर टिचकी मारून "पत्रा आहे पत्रा" म्हणणं हा आपला राष्ट्रीय छंद. मला काकांकडून तेच अपेक्षित होतं. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, रबर चाचपलं, बॉनेट उघडून बराच वेळ आत बघितलं. मग सिंहगड रोडनं खडकवासल्यापर्यंत गाडी चालवली, अवाक्षर न काढता. परत आल्यावर म्हणाले, "वजन किती?"

नऊशे वीस किलोच्या आसपास. त्यांची चौदाशेच्या आसपास.

"आणि तुझ्या गाडीच्या पहिल्या मॉडेलचं?"

२००५ साली आलेली पहिली स्विफ्ट आजच्याहून आखूड होती आणि वजन हजार किलोच्या थोडं वर. म्हणजे वीस वर्षांत गाडी वाढली, तिच्यात एअरबॅगा आल्या, पडदे आले, आणि वजन शंभरेक किलोनं उतरलं. काका यावर खूश झाले. ते म्हणाले ते मी तिथंच लिहून ठेवलं: "माझ्या गाडीत कुठंच सैल सोडलेलं नाही. तुझ्या गाडीत कुठं सैल सोडलं तर चालेल हे शोधून काढलंय. हे दुसरं काम जास्त डोक्याचं."

मशीन शॉपमधल्या माणसाशिवाय हे कुणाला सुचलं नसतं. ड्रॉइंगवर प्रत्येक मापापुढं टॉलरन्स लिहिलेला असतो, म्हणजे इतकं इकडंतिकडं झालं तरी चालेल. तो घट्ट ठेवला की जॉब उत्तम होतो आणि महागही. सगळीच मापं घट्ट ठेवायला फक्त पैसा लागतो. कुठलं माप घट्ट हवं आणि कुठलं सैल चालेल हे ठरवायला जॉब समजावा लागतो. मर्सिडीजनं डब्ल्यू १२४ बनवताना खर्च शेवटी मोजला, असं ती गाडी चालवताना सतत वाटतं. स्विफ्ट बनवताना खर्च सगळ्यांत आधी मोजला गेला, ग्रॅम आणि रुपये एकाच वहीत लिहिले गेले. मला दारापाशी जो हलका, पोकळ आवाज येतो तो त्या वहीतला आहे. आणि मी दरमहा पेट्रोलला जे देतो तेही त्याच वहीतलं.

या वहीतली एक नोंद मला फार चकित करते. ई २२०चं इंजिन २,१९९ सीसी, १५० अश्वशक्ती. माझं १,१९७ सीसी, साधारण ८२. भागाकार करा. दोन्हीकडे इंजिनाच्या लिटरला, म्हणजे हजार सीसीला, ६८ अश्वशक्ती. मधल्या तीस वर्षांत तंत्रज्ञान कुठं गेलं मग? पेट्रोलच्या टाकीत गेलं. कंपनी माझ्या गाडीला लिटरला २४.८ किलोमीटर सांगते. तेवढे पुण्यात मिळत नाहीत, पण जे मिळतात ते काकांच्या शहरातल्या सात-आठाच्या दुप्पट असतात. तीन दशकांची हुशारी जोर वाढवण्यात न घालता तहान कमी करण्यात घातली गेली. याचं पोस्टर कुणी भिंतीवर लावत नाही.

दिसण्याबद्दलही एक गोष्ट मला उशिरा दिसली. डब्ल्यू १२४च्या काळात मर्सिडीजच्या डिझाइनचे प्रमुख होते ब्रूनो साक्को, इटलीत उदिनेला जन्मलेले. त्यांचा आग्रह असा की नवं मॉडेल आल्यानं आधीचं जुनाट दिसता कामा नये. म्हणूनच काकांची गाडी आज सिग्नलला उभी असली तर जुनी दिसते, केविलवाणी दिसत नाही. हा मोठेपणा फक्त मोठ्या गाड्यांचा असं मी धरून चाललो होतो. मग पार्किंगमध्ये एकदा तीन पिढ्यांच्या स्विफ्ट ओळीनं उभ्या दिसल्या. गोल कड, काळे खांब, छत वर तरंगल्यासारखं. चेहरा तोच. दर पिढीनं नाक-डोळे थोडे बदलले, घराणं सोडलं नाही. मधल्या काळात खुद्द मर्सिडीजनं साक्कोंचं किती ऐकलं याबद्दल माझं मत बरं नाही.

सुरक्षिततेवर काकांचं आणि माझं भांडण होतं आणि ते मिटण्यातलं नाही. "धडक झाली तर कुणाच्या गाडीत असावंसं वाटेल?" हा त्यांचा लाडका प्रश्न. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं २००९ साली केलेली एक चाचणी मी त्यांना दाखवली. १९५९ची शेव्हरोले बेल एअर, लांबच लांब, भक्कम दिसणारी, आणि २००९ची शेव्हरोले मालिबू, समोरासमोर, ताशी ६४ किलोमीटरनं. बेल एअरचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या अंगावर कोसळला. आतला पुतळा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतला पायाच्या दुखापतीवर निभावला असता. जुनं लोखंड भक्कम हा समज तिथं संपायला हवा. काका हसले. म्हणाले, "बेल एअर मर्सिडीज नव्हे." हेही खरंच. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपावा आणि माणसं बसतात तो पिंजरा टिकावा, ही कल्पना मर्सिडीजच्याच बेला बारेनीची. १९५९ सालीच ती त्यांच्या गाडीत आली होती.

आणि मग त्यांनी त्याच संस्थेच्या, त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचण्या काढल्या. नव्या छोट्या गाड्या नव्या मोठ्या गाड्यांवर आदळवलेल्या, प्रत्येक जोडी एकाच कंपनीची: होंडा फिट आणि अकॉर्ड, टोयोटा यारिस आणि कॅमरी, स्मार्ट आणि मर्सिडीजची सी-क्लास. भिंतीवर आदळताना चांगले गुण मिळवलेल्या तिन्ही छोट्या गाड्या मोठ्या बहिणीपुढं नापास झाल्या. वजन हे वजन असतं. माझ्या गाडीच्या आधीच्या पिढीला धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं २०२२ साली सुरक्षेच्या पाच ताऱ्यांपैकी एकच तारा दिला होता, हेही काकांना पाठ आहे. नव्या पिढीत सहा एअरबॅगा सगळ्या मॉडेलांत आल्या, गाडी घसरू न देणारी यंत्रणा आली. मला माझं लेकरू यात बसवताना भीती वाटत नाही. पण समोरून येणारी गाडी कुणाची आहे यावर माझी सुरक्षितता ठरते, हे मला मान्य करावं लागतं. आणि रस्त्यावरचे सगळेच जण हाच विचार करून उंच, जड गाड्या घेत सुटले आहेत. त्यांच्यापुढं आता काकांची ई २२०सुद्धा बुटकी दिसते.

बुटकेपणाचा त्रास काकूंना जास्त. मर्सिडीजमध्ये बसायचं म्हणजे खाली उतरायचं आणि उतरायचं म्हणजे वर चढायचं; गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या माझ्या गाडीला नावं ठेवत नाहीत. दार उघडलं की सीट बरोबर कमरेच्या उंचीला. त्यांचं मत एका वाक्याचं आहे: "ती गाडी बसवून न्यायला चांगली, ही गाडी जायला चांगली." मला वाटतं यात बरंच आलं. ई २२० आपल्याकडे आली तेव्हा मालक मागं बसायचा. गाडीचा आराम मागच्या सीटचा होता आणि पुढं दुसरं कुणीतरी राबत होतं. माझ्या गाडीत मागं मुलगी, तिची सायकल आणि भाजीच्या पिशव्या असतात. पुढं मी.

लोकांचं वागणं मात्र अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरांनी बदलतं, यात वाद नाही. काकांच्या गाडीतून गेलं की मंगल कार्यालयाचा वॉचमन आपण होऊन फाटक उघडतो. माझ्या गाडीला तो लांबूनच "पलीकडे लावा" अशी खूण करतो. एक मात्र आहे. माझी गाडी पलीकडे खरंच लागते.

आता तिच्या वयाचा प्रश्न आला आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस, नूतनीकरण, वर पर्यावरण कर. २०२१च्या केंद्रीय नियमानं पन्नास वर्षं पुरी झालेल्या गाड्यांना व्हिंटेजचा मान दिला, त्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. काकांची गाडी त्यात बसायला २०४६ उजाडावं लागेल. तोवर ती कायद्याच्या दृष्टीनं नुसती जुनी. व्हिंटेज झाली तरी रोजच्या वापराला बंदीच. रॅली, प्रदर्शन, तेवढंच. "म्हणजे चालती असताना मान नाही आणि मान मिळाल्यावर चालवायची नाही," हे काकांचं भाष्य.

त्यात पेट्रोल बदललं. २०२५पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. आपल्याच पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाचाही त्यात वाटा. माझी गाडी ते गृहीत धरून बनवलेली आहे. १९९६च्या गाडीच्या रबरी नळ्या, सीलं बनवताना हे कुणाच्या मनात नव्हतं, त्यामुळे जुन्या गाड्यांचे मालक भेटले की हल्ली हवापाण्याच्या जागी इथेनॉलवर बोलतात. अविनाशी म्हणून नावाजलेल्या या गाडीच्या नशिबात पर्यावरण याआधीही एकदा आलं होतं. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात मर्सिडीजनं वायरींना सहज विघटन होणारं आवरण वापरलं, आणि इंजिनाच्या उष्णतेत ते ठिसूळ होऊन गळू लागलं. जगभरच्या मालकांना हे ठाऊक आहे. जुनी डब्ल्यू १२४ विकत घेताना जाणकार माणूस आधी वायरिंग वाकवून बघतो, मग रंग बघतो. ज्यांनी खर्च शेवटी मोजला त्यांनी नेमका या ठिकाणी काळ चुकीचा मोजला.

मध्ये काकांनी विचारलं, "घेतोस का? तुला कमीत देईन." मी दोन रात्री हिशेब केला आणि नाही म्हटलं. रोजची गाडी म्हणून ती मला परवडत नाही, आणि रविवारची गाडी ठेवायला आमच्या सोसायटीत दुसरी जागा नाही. काकांना वाईट वाटलं नाही. विचारायचं म्हणून विचारलं असावं. त्याऐवजी आमची अदलाबदल ठरली आहे. काकूंना लक्ष्मी रोडला, मंडईत जायचं असलं की माझी गाडी त्यांच्याकडे, आणि आम्हाला कोल्हापूरला जायचं असलं की त्यांची माझ्याकडे. गेल्या वेळी चावी हातात देताना काका फक्त एवढंच म्हणाले, "टाकी सत्तर लिटरची आहे. तुझ्यासारखी सदतीसची नाही. भरून आणायची."